जिभेची साक्ष : खाद्य कीटकांच्या चवीचा इतिहास

कीटकाचे वर्णन करा, असे विद्यार्थ्याला सांगितले तर तो काय लिहील? पायांच्या तीन जोड्या, शरीराचे डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग, स्पर्शिकांची एक जोडी, बहुधा पंख. चांगला विद्यार्थी रंग लिहील, आवाज लिहील, कोणत्या झाडावर सापडतो तेही लिहील. चव कशी असते, हे मात्र तो लिहिणार नाही. नाकतोड्याला चव असते, हेच आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात येत नाही. मनात येते ती किळस.

पण कीटक खाणारी माणसे जगाच्या सर्व उष्ण प्रदेशांत आहेत आणि फार पूर्वीपासून आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ साली खाद्य कीटकांवर एक मोठा अहवाल काढला. त्यात माणसाच्या खाण्यात असलेल्या १९०० हून अधिक जातींचा उल्लेख आहे. भुंगेरे व त्यांच्या अळ्या, फुलपाखरांच्या व पतंगांच्या अळ्या, मुंग्या, मधमाश्या, टोळ, नाकतोडे, वाळवी, ढेकणांचे भाऊबंद असे सर्व प्रकार त्यांत येतात. एवढ्या जातींची चव एकच असणे शक्य नाही. मग ती कशी असते? हे कोणी, कधी, कोणत्या शब्दांत लिहून ठेवले? आणि त्या लिहिण्यावर कितपत विश्वास ठेवावा?

या प्रश्नांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्यांनी आधी चाखले किंवा खाणाऱ्याचे नीट ऐकले, आणि मग लिहिले, त्यांच्या नोंदी शतकांनंतरही उपयोगी पडतात. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र पुढे गेले तशी त्या नोंदींची कारणेही सापडली. ज्यांनी आधी निकाल दिला त्यांच्या लिखाणातून कीटकाबद्दल काहीच कळत नाही, फक्त लिहिणाऱ्याबद्दल कळते.

ॲरिस्टॉटलची रातकिडी

रानात भर उन्हाळ्यात झाडांवरून कानठळ्या बसवणारा आवाज करणारे सिकाडा आपल्याकडेही असतात. काही जण त्यांनाही रातकिडेच म्हणतात, पण खरा रातकिडा वेगळा. सिकाडाची पिल्ले जमिनीत राहून मुळांतला रस शोषतात. वाढ पूर्ण झाली की ती वर येतात, खोडावर चढतात, पाठीवरची कात उकलते आणि पंख असलेला कीटक बाहेर पडतो.

इ. स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरील आपल्या ग्रंथात हे सारे लिहिले आणि त्यातच खाण्याविषयीही लिहिले. कात उकलण्याआधीच्या अवस्थेत सिकाडा सर्वांत रुचकर लागतो, असे तो सांगतो. पूर्ण वाढलेल्यांत सुरुवातीला नर चांगले लागतात, पण मीलनानंतर माद्या चांगल्या, कारण तेव्हा त्यांच्या पोटात पांढरी अंडी भरलेली असतात.

एवढ्या तीनचार वाक्यांत किती शिस्त आहे पाहा. कीटकाची अवस्था सांगितली, नर की मादी ते सांगितले, काळ सांगितला आणि एका बाबतीत कारणही दिले. आजच्या निरीक्षणवहीतही यापेक्षा निराळे काही अपेक्षित नसते.

कात टाकण्याआधीची अवस्था रुचकर का, याचा उलगडा व्हायला मात्र दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. १८११ साली फ्रान्समध्ये आंरी ब्राकोनो याने अळिंबीतून एक चिवट पदार्थ वेगळा केला. १८२३ साली ओग्यूस्त ओदिए याला तसाच पदार्थ भुंगेऱ्याच्या कवचात मिळाला. त्याने त्याला ‘कायटिन’ हे नाव दिले. कीटकाचे बाह्यकवच हे कायटिन आणि प्रथिने यांचे बनलेले असते. पण नुकती कात टाकलेल्या कीटकाचे कवच मऊ आणि फिकट असते. थोड्या वेळाने ते कडक आणि गडद होते. १९४० साली मार्क प्रायर या ब्रिटिश संशोधकाने दाखवले की, ही क्रिया कातडे कमावण्यासारखी आहे. फिनॉल वर्गातील पदार्थांपासून तयार झालेली रसायने प्रथिनांच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतात. चांभार झाडाच्या सालीने कातडे कमावतो, तेव्हाही सालीतली याच वर्गातली रसायने प्रथिनांना बांधत असतात.

पंख फुटून कवच कडक झालेल्या सिकाडात दाताखाली येते ते मुख्यतः हे कमावलेले कवच. त्याआधीच्या अवस्थेत पंख नसतात आणि आतला मऊ, स्निग्ध भाग कवचाच्या मानाने जास्त असतो. चवीबद्दल बोलताना ॲरिस्टॉटल अर्धाअधिक पोताबद्दल बोलत होता, असे म्हणायला हरकत नाही.

मुंग्यांचा आंबटपणा

लाल मुंगी चावली की आग होते, हे सर्वांना ठाऊक आहे. ती आंबट लागते, हे ज्यांनी ती खाल्ली त्यांनाच ठाऊक. युरोपात मुंग्यांच्या आंबटपणाचा शास्त्रीय शोध सतराव्या शतकात सुरू झाला. जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाने मित्रांकडून आलेली निरीक्षणे एकत्र करून १६७१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक पत्र छापले. चिकोरीची निळी फुले मुंग्यांच्या वारुळात टाकली की ती लाल होतात, आणि मुंग्या पाण्यात घालून ऊर्ध्वपातन केले की व्हिनेगरसारखा आंबट द्रव मिळतो, असे त्यात म्हटले होते. १७४९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मार्गग्राफ याने हे आम्ल अधिक शुद्ध रूपात मिळवले. मुंगीला लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणतात, म्हणून हे फॉर्मिक आम्ल. जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस लिंबाने लाल होतो, हा प्रयोग आपण वर्गात करतो. त्याच जातीचा प्रयोग रे याच्या पत्रात मुंग्यांनी केला आहे.

युरोपने हा आंबटपणा बाटलीत भरला. आपल्याकडे तो पाट्यावर वाटला जात होता. आंब्याच्या, सालाच्या झाडांवर पाने शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात, त्यांची चटणी मध्य आणि पूर्व भारतातील अनेक आदिवासी समाजांत आवडीने खाल्ली जाते. बस्तरमध्ये तिला चापडा म्हणतात, ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यात काई चटणी. आपल्या गडचिरोलीतल्या माडियांच्या जेवणातही लाल मुंग्यांची चटणी असते. मुंग्या आणि त्यांची अंडी मीठ, मिरची यांच्याबरोबर वाटतात. ती कच्चीच वाटण्यात एक शहाणपण आहे. फॉर्मिक आम्ल उष्णतेने उडून जाणारे आहे. मुंग्या फार वेळ तव्यावर राहिल्या तर चटणीचा प्राणच जाईल.

चिंच, कोकम, आमसूल, लिंबू, कैरी असे आंबटाचे वेगवेगळे प्रकार मराठी माणूस डोळे मिटून ओळखतो. त्या ओळीत एक आंबट मुंगीचाही आहे. त्यात लिंबासारखी धार असते आणि नाकात शिरणारा तिखट वास असतो, कारण हे आम्ल जिभेवर पोहोचते तसेच वाफेच्या रूपाने नाकातही पोहोचते.

तीन प्रवासी आणि एक उलटा प्रश्न

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपीय निसर्गअभ्यासक दूरदेशी जाऊ लागले आणि इतर लोकांचे अन्न पाहून त्याबद्दल लिहू लागले. त्यांच्यातले तीन लेखक येथे महत्त्वाचे आहेत.

पहिला अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट. १८०० साली तो दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीच्या खोऱ्यात होता. तेथील लोक मोठ्या मुंग्यांचा चरबीने भरलेला मागचा भाग काढून तो धुरावर वाळवत आणि कसाव्याच्या पिठात मळून खात. हुम्बोल्टने त्याची तुलना खवट लोण्यात मळलेल्या पावाच्या चुऱ्याशी केली. सोबतचा मिशनरी या पदार्थाची तोंड भरून स्तुती करत होता. आपण त्या स्तुतीत सामील झालो नाही, याचे कारण युरोपीय पूर्वग्रहाचे अवशेष, असे हुम्बोल्टने स्वतःच नोंदवले. निरीक्षण एकीकडे आणि निरीक्षकाचा कल दुसरीकडे, अशी ही प्रामाणिक नोंद आहे.

दुसरा आल्फ्रेड रसेल वॉलेस, नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनबरोबर मांडणारा. तो १८४८ ते १८५२ या काळात ॲमेझॉनच्या खोऱ्यात होता. तेथील लोकांच्या खाण्यातील कीटकांवर त्याने १८५४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. पाने कापणाऱ्या मुंग्यांच्या पंखवाल्या माद्या तेथे खातात. स्ट्रॉबेरी देठाने धरावी तसे मुंगीचे डोके धरायचे, उदर चावून घ्यायचे आणि उरलेला भाग टाकून द्यायचा, असे त्याने वर्णन केले. या एका उपमेने वाचकाच्या डोळ्यांसमोर खाण्याची रीत उभी राहते. शिवाय त्याला ठाऊक असलेल्या फळाचे नाव घेतल्याने किळस न येता कुतूहल वाटते.

हुम्बोल्टला आठवलेले लोणी आणि वॉलेसने पाहिलेले रसदार उदर, या दोन्हींमागे एकच जीवशास्त्र आहे. नवी वसाहत स्थापन करणारी राणी मुंगी सुरुवातीचे अनेक दिवस काहीच खात नाही. अंगात साठवलेल्या चरबीवर आणि विरघळवलेल्या पंखांच्या स्नायूंवर ती स्वतः जगते आणि पहिली पिल्लेही पोसते. म्हणून उड्डाणाच्या वेळी ती चरबीने गच्च भरलेली असते. ताजी असताना ती चरबी लोण्यासारखी लागणार, आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन जुनी झाली की खवट होणार. जुन्या शेंगदाण्यांचे आणि सुक्या खोबऱ्याचे हेच होते. तेव्हा खवटपणा मुंगीचा नव्हे, साठवणीचा होता.

तिसरा डेव्हिड लिव्हिंग्स्टन. आफ्रिकेतील प्रवासावरचे त्याचे पुस्तक १८५७ साली निघाले. पावसाच्या सुरुवातीला वाळवीचे पंखवाले कीटक बाहेर पडतात आणि लोक ते भाजून खातात, असे त्यात आहे. पालानी नावाचा एक प्रमुख भेटायला आला असता लिव्हिंग्स्टनने त्याला पाव आणि जर्दाळूचा मुरंबा दिला. मुरंबा आवडलेला दिसला, तेव्हा तुमच्या देशात याच्या तोडीचे काही आहे का, असे त्याने विचारले. पालानीने उलट विचारले की, तुम्ही कधी वाळवी चाखली आहे का? चाखली असती तर याहून चांगल्या कशाची इच्छा तुम्हाला झाली नसती, असे त्याचे म्हणणे पडले.

या सगळ्या इतिहासात हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. तोवर प्रश्न एकाच बाजूने विचारला जात होता : यांचा किडा आमच्या कोणत्या पदार्थासारखा लागतो? पालानीने मोजपट्टी फिरवली. त्याच्या लेखी वाळवी हे चवीचे माप होते आणि मुरंबा त्यावर मोजायचा होता. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणारे हे पंखवाले कीटक आपल्या घरात फक्त केरात जातात. मध्य भारतातील काही आदिवासी समाजांत मात्र ते गोळा करून भाजून खाण्याची रीत आहे. त्या मोसमी खाऊची वाट पाहणारे मूल आपल्या वर्गात बसलेले असू शकते.

रायलीचे टोळ

कीटकांच्या चवीचा सर्वांत पद्धतशीर प्रयोग एका आपत्तीतून निघाला. १८७४ ते १८७७ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात रॉकी पर्वतातील टोळांनी हाहाकार माजवला. १८७५ साली नेब्रास्कातील डॉ. अल्बर्ट चाइल्ड याने एका टोळधाडीच्या विस्ताराचा अंदाज बांधला. तो सुमारे १,९८,००० चौरस मैल भरला, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. शेतात दाणा उरला नाही आणि मिसुरी राज्याच्या पश्चिम भागात लोकांवर उपासमारीची पाळी आली.

चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली हा तेव्हा मिसुरीचा सरकारी कीटकशास्त्रज्ञ होता. भोवती अन्न उड्या मारत असताना माणसे उपाशी का राहावीत, असा प्रश्न त्याला पडला. त्याने टोळ वेगवेगळ्या अवस्थांत आणि वेगवेगळ्या रीतींनी शिजवून पाहिले, स्वतः खाल्ले आणि इतरांना खाऊ घातले. एक दिवस तर तो फक्त टोळांवरच राहिला. कच्च्या टोळाला उग्र चव असते. पूर्ण वाढलेल्या टोळांचे पाय आणि पंख काढून टाकावेत, नाहीतर ते तोंडात टोचतात. बराच वेळ उकळून केलेले सूप मांसाच्या सुपापासून ओळखू येत नाही. नुसत्या मिठाबरोबर त्यांच्याच अंगच्या तेलात परतले तर सुक्या मेव्यासारखी चव येते. अशा त्याच्या नोंदी १८७६ च्या सरकारी अहवालात आहेत.

सुक्या मेव्याची ही उपमा पुढे खाद्य कीटकांवरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात आली. ती नुसती उपमा नव्हती. १९१२ साली फ्रेंच वैद्यकशास्त्रज्ञ लुई कामिय माइयार याने अमिनो आम्ले आणि शर्करा तापवल्या असता होणारी विक्रिया वर्णन केली. पाव, कॉफी, भाजलेले मांस, भाजलेले शेंगदाणे या सर्वांचा तपकिरी रंग आणि वास मुख्यतः तिच्यातून येतो. त्यात तयार होणाऱ्या पायराझिन वर्गातील संयुगांमुळे ‘भाजल्याचा’ वास जाणवतो. टोळात प्रथिने भरपूर असतात, चरबीही असते. तो कोरड्या उष्णतेवर परतला की तीच विक्रिया घडते. रायलीच्या इंग्रजीला यासाठी सुक्या मेव्याचा आधार घ्यावा लागला. मराठीत एक नेमका शब्द आहे : खमंग. चकलीला, थालीपिठाला, भाजलेल्या दाण्यांना आपण तो वापरतो. कच्चा टोळ उग्र, उकडलेला मांसल आणि परतलेला खमंग, अशी रायलीच्या नोंदींची मराठीतली गोळाबेरीज होईल.

या कथेचा शेवट विलक्षण आहे. कोट्यवधींच्या संख्येने येणारा हा टोळ पुढच्या तीस वर्षांत नाहीसा झाला. त्याचा शेवटचा जिवंत नमुना १९०२ साली मिळाला. डोंगरातील नदीखोऱ्यांत त्याची अंडी घालण्याची मोजकी ठिकाणे होती. तेथे नांगर आणि गुरे पोहोचली आणि जात संपली, असे आज मानले जाते. हिमनद्यांत गोठलेली आणि संग्रहालयांत टाचलेली त्याची शरीरे आहेत. त्याची चव मात्र आता रायलीच्या अहवालातच उरली आहे. त्याने त्या वेळी नाक मुरडून नुसते ‘घाणेरडे’ असे लिहिले असते, तर तीही उरली नसती.

कोलंबीचे नातेवाईक

१८८५ साली लंडनमध्ये व्हिन्सेंट होल्ट याची एक छोटी पुस्तिका निघाली. तिच्या नावाचा अर्थ ‘कीटक का खाऊ नयेत?’ असा होतो. गरीब शेतमजुरांनी पिकावरची कीड वेचून खावी, पीकही वाचेल आणि पोटही भरेल, असा त्याचा युक्तिवाद होता. समुद्रतळाची घाण खाणारी कोलंबी आणि शेवंड आवडीने खाणारे लोक कोवळ्या पानांवर जगणाऱ्या नाकतोड्याला नाक मुरडतात, ही विसंगती त्याने दाखवली. ओल्या दगडाखाली राहणाऱ्या वुडलाउस या जिवाची चटणी त्याने सुचवली आणि ती कोलंबीच्या चटणीसारखी लागते असे लिहिले.

वुडलाउस हा कीटक नाही. तो खेकडे-कोलंबीच्या, म्हणजे कवचधारी प्राण्यांच्या वर्गातला, जमिनीवर राहायला आलेला जीव आहे. तेव्हा होल्टची जीभ बरोबर होती. पुढे तर गोष्ट आणखी रंगली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जनुकांच्या तुलनेतून असे दिसून आले की, कीटकांचा सारा गटच कवचधारी प्राण्यांच्या वंशवृक्षाची एक फांदी आहे. टोळ आणि कोलंबी हे आपण समजत होतो त्याहून जवळचे नातेवाईक आहेत.

या नात्याला एक गंभीर बाजूही आहे. कोलंबीची ॲलर्जी बहुधा तिच्या स्नायूंतील ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते. कीटकांचे ट्रोपोमायोसिन त्याच्याशी इतके मिळतेजुळते असते की, कोलंबी न सोसणाऱ्या माणसाला कीटकही बाधू शकतात. युरोपीय संघाने २०२१ साली मीलवर्म या भुंगेऱ्याच्या वाळवलेल्या अळ्यांना नवे अन्न म्हणून मान्यता दिली, तेव्हा वेष्टनावर याची सूचना छापण्याची अट घातली.

सुगंध की दुर्गंध?

आपण ज्याला चव म्हणतो तिचा बराच भाग वास असतो. नाक चिमटीत धरून बडीशेप चावली तर तिची ओळख पटत नाही. चिमूट सोडली की क्षणात पटते. वर्गात दोन मिनिटांत करता येण्याजोगा हा प्रयोग आहे. कीटकांच्या बाबतीत तर वासाचे महत्त्व फारच आहे, कारण कीटक एकमेकांशी वासाच्या भाषेत बोलतात आणि शत्रूला वासानेच पळवतात.

आग्नेय आशियात पाण्यात राहणारा, बोटभर लांबीचा एक मोठा ढेकूणवर्गीय कीटक खातात. थायलंडमध्ये त्याला मेंगदा म्हणतात, व्हिएतनाममध्ये का कुओंग. आपल्या मणिपूरमध्येही तो खाल्ला जातो. त्याच्या नराला पिकलेल्या फळासारखा गोड वास असतो, म्हणून बाजारात नराला मादीपेक्षा जास्त भाव येतो. त्याचा अर्क थेंबाथेंबाने चटणीत घालतात. १९५७ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट आणि त्याचा सहकारी न्गुयेन दांग ताम यांनी या वासातील मुख्य पदार्थ ओळखला : ट्रान्स-२-हेक्सेनिल ॲसिटेट. पिकलेल्या केळ्याचा आणि पेअरचा वास ज्या एस्टर वर्गातील संयुगांनी येतो, त्याच वर्गातला. बुटेनांटला १९३९ साली नोबेल जाहीर झाले होते. १९५९ साली सुमारे पाच लाख रेशीमपतंगांपासून मादीचा गंध वेगळा करून त्याने कामगंधांच्या अभ्यासाचा पाया घातला. हा गंध फक्त नराला असतो, हे प्रयोगशाळेने नावानिशी नोंदवले. बाजारात बसणाऱ्या बाईला नराची किंमत आधीच ठाऊक होती.

याच गटातले इतर ढेकूण मात्र दुर्गंधासाठी प्रसिद्ध. दक्षिण आफ्रिकेत वेंडा लोक अशी एक जात आवडीने खातात, पण आधी जिवंत कीटक कोमट पाण्यात ढवळून त्यांना आपला उग्र स्राव सोडायला लावतात. स्राव न सोडता मेलेला कीटक कडू होतो, म्हणून तो वेगळा काढतात. या स्रावांत आल्डिहाइड वर्गातील लांब साखळीची संयुगे असतात. आता गंमत अशी की, ट्रान्स-२-डेसेनल हे त्यांतले एक संयुग कोथिंबिरीच्या वासातही मुख्य असते. ग्रीक भाषेत ढेकणाला कोरिस म्हणत आणि त्यावरूनच युरोपीय भाषांतील धन्याचे नाव आले, अशी एक जुनी व्युत्पत्ती आहे. काही माणसांना कोथिंबीर साबणासारखी लागते. त्याचा संबंध गंधग्राहकाच्या एका जनुकाशी असल्याचे २०१२ च्या एका अभ्यासात दिसले. आपण पोह्यांवर, वरणावर, मिसळीवर हौसेने भुरभुरवतो तो वास दुसऱ्या कोणाला ढेकणाचा वाटतो. रेणू एकच, निकाल दोन.

कोणाचे शब्द?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कीटकांच्या चवीबद्दल जे छापले गेले ते बहुतांशी न खाणाऱ्यांनी, न खाणाऱ्यांसाठी लिहिले. म्हणून त्यात बदाम, लोणी, कोलंबी, स्ट्रॉबेरी यांची गर्दी आहे. परक्याला समजावण्यासाठी उपमा लागतेच, त्यात चूक नाही. पण जे लोक पिढ्यानपिढ्या कीटक खातात त्यांना उपमेची गरज नसते. त्यांच्याकडे थेट शब्द असतात : कोणत्या महिन्यातली अळी कोवळी, कोणत्या झाडावरची कडवट, किती भाजली की कुरकुरीत आणि कधी करपट. हे शब्द माडियात, गोंडीत, कोरकूत, नागा भाषांत आहेत आणि छापील ग्रंथांत फार थोडे आले आहेत. एफ. एस. बोडेनहाइमर या कीटकशास्त्रज्ञाने १९५१ साली ‘माणसाचे अन्न म्हणून कीटक’ या अर्थाच्या आपल्या ग्रंथात जगभरच्या नोंदी एकत्र केल्या. त्यातही बोलतात ते बहुधा प्रवासी आणि मिशनरीच.

आपली मराठी या कामाला मुळीच अपुरी नाही. पोतासाठी कुरकुरीत, खुसखुशीत, कुडकुडीत, चामट, वातड, लुसलुशीत, बुळबुळीत, गिळगिळीत, रवाळ. वासासाठी खमंग, उग्र, खवट, कुबट, दर्प, घमघमाट. इतके बारकावे असलेली भाषा कीटकाच्या बाबतीत ‘शी!’ या एका अक्षरावर थांबते, ते शब्द नाहीत म्हणून नव्हे.

२०२४ च्या जानेवारीत मयूरभंजच्या काई चटणीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी पदार्थ कसा करतात आणि त्याचे वैशिष्ट्य काय, याची कागदोपत्री नोंद झाली. काल जे ‘जंगली लोकांचे खाणे’ होते ते आज नावाने ओळखले जाते. पण सगळ्याच पदार्थांना मानांकन मिळणार नाही. आश्रमशाळेत शिकणारे मूल जर वर्गातल्या हशाला भिऊन घरी काय खाल्ले ते सांगेनासे झाले, तर दोन नुकसाने होतात. मुलाची मान खाली जाते आणि एक निरीक्षण कायमचे गळते. रायलीच्या टोळाची निदान एक नोंद तरी आहे.

शिक्षकाला यात बरेच करता येईल, आणि त्यासाठी कोणी कीटक खाण्याची गरज नाही. कोणी काय खावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. शाळेत कीटक चाखण्याचा प्रयोग तर करूच नये. ॲलर्जीचा धोका आहे, आणि शेतातल्या कीटकांवर कीटकनाशक असू शकते. २०२० च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली तेव्हा तिच्यावर फवारणी झाली होती, हे आठवावे. प्रयोग शेंगदाण्यांवर करावा. कच्चे, उकडलेले आणि भाजलेले दाणे मुलांना द्यावेत. चव, वास आणि पोत असे तीन रकाने आखावेत. ‘छान’ आणि ‘वाईट’ हे शब्द वापरायचे नाहीत, एवढीच अट घालावी. दाणा कोणत्या अवस्थेत, किती वेळ भाजला, तेही लिहायला लावावे. मग कोथिंबिरीचे पान चुरगाळून तेच करावे. ज्या वर्गात मुंग्यांची चटणी किंवा वाळवी ठाऊक असलेली मुले आहेत, तेथे त्यांना घरच्या मोठ्या माणसांकडून त्यांच्या भाषेतले शब्द विचारून आणायला सांगावे, आणि ते शब्द फळ्यावर इतर शब्दांच्या शेजारी लिहावेत.

‘छान’ आणि ‘वाईट’ वगळून लिहायला बसलेली मुले पहिली पाच मिनिटे गप्प असतात, असा माझा शिक्षक-शिबिरांतला अनुभव आहे. शिक्षकही गप्प असतात. मग कोणीतरी दाणा पुन्हा तोंडात टाकते, डोळे मिटते आणि लिहू लागते. दुसऱ्यांदा चाखलेले पहिल्यापेक्षा नेमके उतरते.